मीठ धुणारा माणूस आणि निळी काच

दुर्ग स्टेशन मागं पडलं आणि शिवनाथचा पूल आला. डब्यातले बहुतेक लोक नदीकडं बघत होते. कुणीतरी सवयीनं एक नाणं पाण्यात भिरकावलं, हात जोडले. भाऊजी मात्र शेजारच्या लाईनच्या रुळांकडं बघत होते. "आपलाच माल असणार," ते म्हणाले. भिलाईत उभा जन्म काढलेला माणूस रूळ कसे बघतो? गावाकडचा म्हातारा लग्नाला जमलेल्या पोरांच्या तोंडावर आपल्या घराण्याचं नाक शोधतो ना, तसे.

"नदी बघा की, भाऊजी. ती कुणाचा माल?" वहिनींनी विचारलं.

वाद सुरू व्हायला एवढं पुरलं.

या दोघांची नावं इथं मुद्दाम दिलेली नाहीत. एका सेक्टरात, एका रांगेतल्या क्वार्टरांत तीस वर्षं काढल्यावर ते एकमेकांना भाऊजी आणि वहिनी म्हणतात, तेवढं पुरे. भाऊजी नागपूरचे. ट्रेनी म्हणून आले आणि ब्लास्ट फर्नेसवर निवृत्त झाले. देव मानत नाहीत. घरात देव्हारा आहे, तो पत्नीचा. ती गेल्यापासून ते तो रोज पुसतात, पूजा मात्र करत नाहीत. वहिनी नगरच्या ख्रिस्ती घरातल्या. शाळेत हिंदी शिकवलं आणि रविवारी दुपारी कॉलनीतल्या मराठी पोरांना घरी बसवून मराठी. त्यांच्या माहेरी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव घरच्या माणसासारखं घेतलं जायचं. राजनांदगावची ही फेरीही त्यांच्याच हट्टापायी निघालेली.

भिलाईत असे वाद पिकायला जमीन चांगली आहे. 1955 साली सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या फर्नेसचं उद्घाटन केलं. निरीश्वरवादी देशाच्या मदतीनं उभा राहिलेला कारखाना, आणि त्यात कामाला आलेल्या प्रत्येक प्रांतानं आपापला देव बरोबर आणला: ओडियांनी जगन्नाथ, मल्याळ्यांनी अय्यप्पा, बंगाल्यांनी काली. विश्वकर्मा पूजेला यंत्रांना हार पडतात. 2018 साली सुरू झालेल्या 4060 घनमीटरच्या आठव्या फर्नेसचं नाव तर महामाया. "आमच्यात देवीच्या पोटात हजार अंशांहून तापलेला झोत सोडतात," असं भाऊजी पाहुण्यांना सांगतात. ऐकणाऱ्याला हसावं की हात जोडावेत, कळत नाही.

वहिनींच्या पिशवीत बायबल होतं आणि बोट होतं स्तोत्रसंहितेतल्या एकोणिसाव्या स्तोत्रावर. चौदाच वचनं. पहिल्या सहांत आभाळ आहे. ते एक शब्द न उच्चारता बोलतं, आणि सूर्य नवरदेवाच्या थाटात बाहेर पडतो. सातव्या वचनाला एकाएकी पाटी बदलते. आभाळ जातं आणि नियमशास्त्र येतं. देवाच्या आज्ञा, विधी, निर्णय. कवीला त्या सोन्याहून मोलाच्या आणि मधाहून गोड वाटतात.

भाऊजींनी चष्मा वर करून वाचलं. "या दोन कविता आहेत वहिनी. कुणीतरी वेल्ड केल्यात."

हे त्यांनी गमतीनं म्हटलं असलं तरी बायबलचे अनेक अभ्यासकही तेच म्हणतात: आभाळाचं गाणं जुनं, नियमाचं नंतरचं, पुढं कुणी जोडलेलं. वेल्डिंगची उपमा मात्र खास भिलाईची. तिथं 130 मीटरचा सलग रूळ रोल होतो आणि असे दोन जोडून 260 मीटरचं पॅनेल रेल्वेला जातं.

"बरं, मग सांधा कुठाय ते दाखवा," वहिनी म्हणाल्या. "सहाव्या वचनाच्या शेवटी काय आहे? ऊन. त्या उन्हापासून काही लपत नाही. मग आज्ञा येतात. आणि मग हा माणूस काय मागतो? माझ्या मलाच न दिसलेल्या चुकांतून सोडव. ऊन दोन्हीकडं एकच आहे. आभाळातलं अंगाला लागतं, आज्ञेतलं आत लागतं."

"उन्हाचं मला नका सांगू."

खरंच होतं ते. आणि मग भाऊजींनी जे सांगितलं, ते त्या दिवसातलं सगळ्यात भारी भाषण होतं. दुर्ग ते रसमडा एवढ्या अंतरात त्यांनी ते बसवलं. भिलाईचं लोहखनिज येतं दल्ली-राजहऱ्याहून. तिथल्या डोंगरात लाल आणि करड्या पट्ट्यांचा खडक आहे. दोनशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंनी उन्हावर जगता जगता ऑक्सिजन सोडला, लोखंडाला गंज चढला, तो थरावर थर तळाशी बसला. "म्हणजे आपला डोंगर म्हणजे समुद्राचा गंज. आणि आपण काय करतो? फर्नेसमध्ये कोक जाळून कार्बन मोनॉक्साइड करतो, तो त्या गंजातला ऑक्सिजन ओढून घेतो, खाली लोखंड वाहतं. समुद्रानं कोट्यवधी वर्षं केलेलं आपण काही तासांत उलटवतो. एवढं सगळं बघितल्यावर मला कुणी वरून आज्ञा देणारा लागत नाही. मला हे असंच पुरतं."

"पुरावं असंच आहे," वहिनी म्हणाल्या. चेहऱ्यावरून त्यांना ते मनापासून आवडलेलं दिसत होतं.

"थांबा, पुढचं ऐका. तोच वायू पाईपातून गळला तर वास नाही, रंग नाही. माणसाच्या रक्तातही लोखंडच. त्याला तो वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. दगडातून ऑक्सिजन काढतो, रक्तात ऑक्सिजनला जागाच ठेवत नाही. त्याला दोन्ही लोखंडं सारखी. छातीवर मीटर लावून जायचं, बीप वाजला की मागं फिरायचं, एकट्यानं जायचं नाही. तुमच्या सृष्टीचा नियम हा असा आहे, वहिनी. गोड नाही, कडू नाही. त्याला आपण माहीत नाही."

इथं वहिनी वाद घालतील असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी मान डोलावली.

"म्हणूनच म्हणते, सहा वचनांवर थांबून चालत नाही. दगडातलं लोखंड आणि माणसातलं लोखंड यांत फरक कर, हे त्या वायूला कोण सांगणार? फरक करायचा हे माणसालाच सांगावं लागतं."

"त्यासाठी सेफ्टी डिपार्टमेंट आहे."

"आणि ते डिपार्टमेंट कुणाच्या जिवाला किंमत आहे म्हणून काढलं?"

परमालकसा आलं. शेंगदाणेवाला चढला, त्यानं दोघांनाही छत्तीसगढीत दाई-बाबा म्हणून पुड्या दिल्या, आणि प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. भाऊजी दाणे सोलत म्हणाले, "जीव वाचवणारे नियम मला मान्यच आहेत. मला ते मधाचं खटकतं. नियम पाळावा लागतो म्हणून पाळतो माणूस. कुठल्या कामगाराला सेफ्टीचं पुस्तक चाटून गोड लागलंय?"

वहिनींचं उत्तर शिक्षिकेचं होतं. हिब्रूत नियमशास्त्राला 'तोरा' म्हणतात. हा शब्द ज्या धातूवरून आला, त्याचा अर्थ फेकणं, बाण सोडणं, आणि त्यावरूनच बोटानं दाखवणं, शिकवणं. कायद्याच्या पुस्तकापेक्षा तो रस्ता दाखवणाऱ्या हाताच्या जवळ जातो. "आणि आपल्याकडं तर वेगळा शब्द शोधायलाच नको. नेम. आजी एकादशीचा नेम धरायची आणि पोरं कैऱ्यांवर नेम धरायची. एकच शब्द. नेम चुकला म्हणजे व्रत मोडलं, आणि नेम चुकला म्हणजे दगड भलतीकडं गेला. नेम बरोबर लागला की पोराला काय होतं, भाऊजी? कैरी हातात यायच्या आधीच?"

"शब्दांचा खेळ झाला हा," भाऊजी म्हणाले. खेळ आहेच. पण नियमाचं घासून झालेलं हे रूप मराठीनं उगाच दोन कामांना जुंपलेलं नाही, असं प्रस्तुत लेखकालाही वाटतं.

राजनांदगाव. दोघं उतरून फलाटावरच थांबली, कारण वहिनींना बघायचा होता तो फलाटच. अर्थात आजच्या स्टेशनात 1893 च्या सुमाराचं काय उरणार? त्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी रेल्वेनं येत होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, धर्मावर झाल्या, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी नवा करार टिळकांच्या हातात ठेवला; दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही सांगून टाकलं. टिळक तेव्हा तिशीतले, नाशकात वेदविद्येची गोडी लागलेले, कवी, तापट, कुठंच फार काळ न टिकणारे. पुस्तक वाचायला घेतलं आणि ते मत्तयाच्या पाच, सहा, सात या अध्यायांशी अडकले. डोंगरावरचं प्रवचन. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहानं भारतीय पाळकाच्या हातून.

गाडी पश्चिमेकडून येत होती, म्हणजे टिळक भिलाईपर्यंत पोचलेही नव्हते. भिलाई तेव्हा एक खेडं होतं. तरी वहिनींना वाटतं, की आपण राहतो त्या लाईनवर हे घडलं.

"आणि ते तीन अध्याय म्हणजे नुसत्या आज्ञा," फलाटावरच्या बाकावर बसत त्या म्हणाल्या. "त्याही किती अवघड! रागावूसुद्धा नको. वैऱ्यावर प्रेम कर. एक कोस नेणाऱ्याबरोबर दोन कोस जा. टिळक फुलामुलांचे कवी. अशा माणसाला आज्ञांच्या ढिगात काय सापडलं असेल? मी शाळेत असताना हे कोडं मला सुटायचं नाही. मग एकदा लक्षात आलं, सहाव्या अध्यायात येशू सांगतो पाखरांकडं बघा, रानातल्या फुलांकडं बघा. 'बघा' हे आज्ञार्थी क्रियापद आहे. तीही आज्ञाच!"

भाऊजींना हे पटलं नाही, पण आवडलं. त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं.

स्टेशनवरून रिक्षा करून दोघं दिग्विजय कॉलेजला गेली. जुन्या राजवाड्यातलं कॉलेज, राणीसागर आणि बूढासागर या दोन तलावांच्या सोबतीनं. इथली भेट भाऊजींच्या हट्टाची. 1958 पासून गजानन माधव मुक्तिबोध इथं शिकवत होते. घरात मराठी, लिहिणं हिंदीत, विचार मार्क्सवादी. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा संग्रह 1964 साली आला, आणि त्याच वर्षी 11 सप्टेंबरला ते दिल्लीत वारले. पुस्तक धड हाताळणंही त्यांच्या नशिबी नव्हतं. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथासाठी त्यांना 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भाऊजींचा मुद्दा असा, की एकाच गावात दोन मराठी माणसं आली. एकाला गाडीत आज्ञा सापडल्या. दुसऱ्यानं तळ्याकाठच्या जुन्या वाड्यात बसून कुठल्याही आज्ञेशिवाय स्वतःला फाडून तपासलं. "सांगा, कुणाचं ऊन जास्त कडक?"

वहिनींनी उत्तर दिलं नाही. काही प्रश्न चांगले असतात, म्हणून त्यांना लगेच हात लावू नये, हे त्या वर्गातही पाळायच्या.

राणीसागरच्या काठावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. तिथं भाऊजींनी पत्ता टाकला. बहुधा तो त्यांनी घरूनच खिशात घालून आणला होता.

"वहिनी, तुमचंच पुस्तक. स्मृतिचित्रे. सुरुवातीलाच टिळकांच्या बायकोचे, लक्ष्मीबाईंचे वडील येतात. नाना गोखले. त्यांच्या सासऱ्यांना 1857 च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं, आणि या माणसाच्या मनावर सोवळं बसलं. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची. मीठसुद्धा! मीठ धुणारा माणूस, वहिनी. धुतल्यावर काय उरत असेल भांड्यात? आणि बायकापोरांच्या वाट्याला काय काय आलं, ते तुम्ही मला वाचून दाखवलंय. हा माणूस काय करत होता? आज्ञाच पाळत होता. मनापासून. कदाचित आनंदानंही. तुमच्या मधाचं हे असं होतं."

तळ्यावरून वारा आला. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "याला माझ्याकडं उत्तर नाही. नानांच्या मुलीकडं आहे."

लक्ष्मीबाईंची ती हकिकत मराठी वाचकाला नवी नाही, पण राणीसागरच्या काठावर ती वेगळी ऐकू आली. नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतल्यावर त्या हिंदूच राहिल्या, कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढं संसार पुन्हा एकत्र आला, तरी आपलं सोवळं त्यांनी सोडलं नाही. पाणी वेगळं, चूल वेगळी. आणि मग एके दिवशी एकट्या बसून विचार करता करता त्यांना दिसलं, की देवानं घडवली ती माणसं, आणि जाती पाडल्या त्या माणसांनी. ना कुणाचं व्याख्यान झालं होतं, ना कुणी शास्त्रार्थ केला होता. त्या उठल्या त्या यापुढं कुणाच्याही हातचं खायचं असं ठरवूनच. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी 1900 साली घेतला, म्हणजे त्याच्या नंतर.

"बघा ना," वहिनी म्हणाल्या, "बापानं नुसते नियम धरले, सृष्टीकडं पाठ फिरवली. मिठाकडं बघितलंच नाही त्यानं, मीठ म्हणजे काय वस्तू आहे! मुलीनं आधी माणसांकडं बघितलं आणि मग नियम तपासला. तुमच्या वायूला नुसता नियम, दया नाही. नानांच्या सोवळ्यालाही नुसता नियम, दया नाही. म्हणून ते स्तोत्र वेल्ड केलेलं असलं तरी मला चालेल. ज्यानं केलं, त्याला माहीत होतं की हे सुटे ठेवले तर दोन्ही घातक आहेत."

भाऊजींनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुम्ही त्या निळ्या काचेतून बघायचा ना, तेव्हा काय दिसायचं?"

फर्नेसला खालच्या अंगाला चहूबाजूंनी तापलेल्या हवेचा झोत आत सोडणाऱ्या नळ्या असतात, त्यांना ट्यूयर म्हणतात. प्रत्येकीला मागं बारीकसं भोक. त्यातून उघड्या डोळ्यानं बघता येत नाही, डोळे जातील. कोबाल्टची निळी काच धरून बघायचं. भाऊजींची काच अजून त्यांच्या टेबलाच्या खणात आहे, कडेला एक टवका उडालेली, चामड्याच्या जुन्या पाकिटात.

"कोकचे तुकडे दिसतात. झोतात गरगरत असतात. फर्नेस बिघडायला लागली की काळी ढेकळं खाली येतात, एखादा ट्यूयर मंद दिसतो. सगळं नीट चाललेलं असलं की," भाऊजी थांबले, "की नाचतात. सगळ्या ट्यूयरला एकसारखे. लखलखीत."

"आणि नीट चाललंय हे कळल्यावर?"

"कळल्यावर निघायचं. काम झालं."

"निघायचा तुम्ही?"

पाणकावळा उडाला. भाऊजी त्याच्याकडं बघत म्हणाले, "शिफ्ट सुटल्यावर मी एक चक्कर मारायचो. गरज नसायची. ती म्हणायची घरी, रोज अर्धा तास उशीर का होतो. मी सांगायचो, हँडओव्हर."

इथं वहिनींना डाव जिंकल्यासारखं करता आलं असतं. त्यांनी पिशवीतून डबा काढला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. भाऊजींनी पहिला घास घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "मीठ धुतलंय का?"

परतीच्या मेमूला पाऊण तास उशीर होता. फलाटावर भाऊजींनी आणखी एक मुद्दा काढला, थोड्या अवघडल्या आवाजात. टिळकांना 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात सापडलेला पोरगा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपले बालकवी. टिळकांच्या घरी नगरला राहिलेले, लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखे सांभाळलेले. सृष्टीचा आनंद म्हटलं की मराठी माणसाला पहिलं त्यांचं नाव आठवतं. 5 मे 1918 ला भादली स्टेशनात रूळ ओलांडताना ते गाडीखाली गेले. अठ्ठावीसही पुरे नव्हते. "आभाळ बघणारा माणूस," भाऊजी म्हणाले. "आणि रूळ आमचे." ते रूळ भिलाईचे असणं शक्य नव्हतं, भिलाई चाळीस वर्षांनी आली. पण रुळाच्या धंद्यातला माणूस अशी तारीख बघत नाही.

वहिनींनी एवढंच सांगितलं, की त्यानंतर वर्षभरानं, 9 मे 1919 ला, टिळकही गेले. तोवर त्यांनी मिशनची नोकरी सोडून 1917 साली 'देवाचा दरबार' मांडला होता, नवे ख्रिस्ती आणि बाप्तिस्मा न घेतलेले अशा सगळ्यांना एकत्र बसवणारा. आणि 'ख्रिस्तायन' हे त्यांचं काव्य अपुरंच राहिलं होतं. ते पुढं लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, संसारात अक्षर ओळखायला शिकलेल्या बाईनं.

गाडी आली. ऊन कलायला लागलं होतं. परमालकशाच्या अलीकडं एका वस्तीच्या कडेला उंच पांढरा खांब दिसला, टोकाला पांढरं निशाण. डिसेंबरचे दिवस; 18 तारखेला गुरू घासीदासांची जयंती झाली होती, निशाण नवं होतं. सतनामींचा जैतखाम. भिलाईच्या कारखान्यात सतनामी कामगार पुष्कळ, भाऊजींच्या शिफ्टमध्येही होते.

गिरौदपुरीत 1756 साली जन्मलेल्या घासीदासांनी चांभार म्हणून दूर ठेवलेल्या लोकांना एका निराकार सत्नामाची वाट दाखवली. मूर्ती नको, दारू नको, मांस नको. मसुरीसारखं रक्ताच्या रंगाचं काही ताटात नको. आणि जुन्या नोंदींत एक नियम असा आहे, जो वाचून शेतकऱ्याच्या पोराचे डोळे थांबतात: गाय नांगराला जुंपायची नाही, आणि दुपार टळल्यावर नांगर धरायचा नाही.

"हा नियम कुणासाठी?" वहिनी विचारत होत्या, पण उत्तर त्यांना ठाऊक होतं. मोशेच्या नियमशास्त्रातही मळणी करणाऱ्या बैलाचं तोंड बांधायला मनाई आहे, आणि सातव्या दिवशी विसावा सांगितलाय तो बैलाला आणि गाढवालासुद्धा. आपल्याकडं पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावतात, छत्तीसगडात पोरं मातीचे बैल ओढतात. घासीदासांनी बायबल वाचलेलं नव्हतं. त्यांनी बैल बघितला होता.

"बैल बघितला, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे," भाऊजी म्हणाले. "म्हणजे देव मध्ये घालायची गरज नाही. बैलाची धाप दिसली, माणसाला कळलं, नियम केला. सेफ्टी डिपार्टमेंट."

"दिसली तर सगळ्यांनाच होती. हजारो वर्षं."

भाऊजी काही बोलले नाहीत. खिडकीतून धानाची कापणी झालेली शेतं मागं पळत होती, पायाखाली खुंट. मध्येच धानाची पोती भरलेली एक ट्रॉली सोसायटीच्या रस्त्याला लागलेली. आता या मुलखात बैल शोधावे लागतात. हरभऱ्यासाठी जमीन तयार करायला ट्रॅक्टर येतो, तासाच्या हिशेबानं पैसे घेतो, आणि तास दिवसाचा की रात्रीचा हे बघत नाही.

"झालं ना मग," भाऊजींना एकदम सुचलं. "तुमच्या घासीदासांचा नियम संपला. ट्रॅक्टरला कसली दुपार?"

रसमड्याच्या आधी गाडी सिग्नलला उभी राहिली. लाईनीपासून दोन शेतं पलीकडं एक लाल ट्रॅक्टर अर्ध्या नांगरलेल्या रानात बंद उभा होता. मोहाच्या झाडाखाली त्याचा ड्रायव्हर गमछा पसरून झोपला होता, डोक्याखाली स्टीलचा डबा. ट्रॅक्टरच्या टपावर एक बगळा.

वहिनींनी बोट दाखवलं.

"डिझेल संपलं असेल," भाऊजी म्हणाले, आणि गाडी सुटेपर्यंत तिकडंच बघत राहिले.